आईच्या खोलीतली हवा

नागपूर, नवतपा

प्रिय बाळ्या,

आईला ऊन लागलं. तेही घरात, कूलर चालू असताना. आता बरी आहे, पन्हं पिऊन राहिली, घाबरू नको. पण हे तुलाच लिहायचं होतं. ती 'मला काही नको रे' म्हणते तेव्हा काय समजायचं, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?

तिच्या खोलीत हवाच पोचत नव्हती आणि ती एका शब्दाने बोलली नाही. गच्चीवरचा डक्ट कूलर तू पाहिलाच आहेस, त्या एकाचीच हवा डक्टच्या नळीतून खोल्याखोल्यांत जाते. हॉलमध्ये बसलं की पांघरूण घ्यावंसं वाटतं अन् मागे आईकडे भट्टी. कूलरवाला म्हणाला, मोठी मोटर टाका. मला पटेना. बाहेर 45 आणि हवा एवढी कोरडी, अशात कूलरची हवा 28-29 वर यायला पाहिजे. हॉलच्या ग्रिलपाशी, म्हणजे डक्टच्या जाळीच्या तोंडापाशी, ती तशी गार होतीच. म्हणजे गारवा तयार होत होता, आईपर्यंत जात नव्हता.

तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून प्रत्येक ग्रिलला बांधल्या. हॉलची आडवी फडफडू लागली, आईची निपचित लोंबत राहिली. हॉलचं तोंड ब्लोअरला लागूनच. आईकडे जाताना डक्ट दोनदा काटकोनात वळतो. हवा सोप्या वाटेनेच जाणार. हॉलच्या ग्रिलच्या पट्ट्या अर्ध्या मिटल्या. माळ्यावर डक्टचा सांधा सुटला होता, तो टेप गुंडाळून बुजवला. चिंधी जराशी हलली, बस्स.

मग आईची खिडकी चार बोटं उघडली, ग्रिलच्या अगदी समोरची. बाळ्या, चिंधी ताडकन उचलली गेली! कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. जेवढी आत आली तेवढी निघून जायला वाट हवी, नाही तर नवी येतच नाही. उलट ओल तेवढी कोंडते. म्हणूनच तिच्या अंथरुणाला चिकचिक यायची.

पण मेच्या दुपारी खिडक्या लावून घ्यायच्या, हे तिने जन्मभर पाळलं, आपल्या पाठीत धपाटे घालून शिकवलं. कूलर नव्हता तेव्हा तेच बरोबर होतं. आणि महाल भागातल्या आपल्या वाड्यात तू वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचास, तेव्हा मागचं दार उघडं असायचं, आठवतं? वारा वाहता होता म्हणून तो वास घरभर फिरायचा.

तू म्हणशील एसी लाव. ते भांडण नको. एसीत तिचे सांधे धरतात, हे पुण्याच्या माणसाला किती वेळा सांगू? तुमचा 38 म्हणजे उन्हाळा, आम्ही त्याला थंडावा म्हणतो.

खरी काळजी पुढेच आहे. मी ड्यूटीवर गेलो की ती खिडकी पुन्हा लावून घेते. 'झळा येतात रे.' संध्याकाळी येतो तर खोली तापलेली, आणि ती भिंतीला टेकून पदराने वारा घेत बसलेली. तिच्यावर आवाज चढवणं मला जमत नाही, जमू नये. तुझं मात्र ती ऐकते. नेहमीच ऐकत आली, लहानपणी मला त्याचा फार राग यायचा.

वहिनींचं बीपी कसं आहे? छोटीचा निकाल कळव.

काटकोन काढून गोल बेंड बसवायचे आहेत, पण ते पाऊस लागल्यावर. तोवर आईला फोन कर, दुपारी अडीचच्या सुमारास, ती उठलेली असते. वाळ्याच्या ताट्यांवरून बोलणं काढ, म्हणजे खिडकीवर ती आपणच येईल.

तुझा,
दिल्या