आरक्षण अडते ते आजोबांच्या नोंदीपाशी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

काळाराम मंदिर सत्याग्रहाला (2 मार्च 1930) शंभर वर्षे होत आली, आता तरी आरक्षण आवरते घ्या, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या सदरात वाचले. आरक्षण किती वर्षे असावे, गुणवत्तेचे काय, यावर उत्तरे येतीलच. नाशिककरांना या विषयावर बोलायला आमंत्रण लागत नाही. मला खटकला तो त्यातला जाता जाता केलेला शेरा, की तहसील कचेरीतून एकदा दाखला काढला की जागा पक्की.

दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत लिपिक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. आता पंचवटीत राहतो. प्रवेशाचे दिवस आले की जुन्या ओळखीचे पालक कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. वंशावळ लिहून द्या, शपथपत्र बघा, प्रवेश-निर्गम उतारा कुठे मिळेल सांगा, हे चालू असते. त्या अनुभवावरून सांगतो की दाखला ही सुरुवात असते. तो प्रांताधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो. खरी परीक्षा पुढे, जात पडताळणी समितीपुढे होते.

महाराष्ट्राच्या 2000 सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या आठव्या कलमानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे. सिद्ध करायची म्हणजे जुना कागद दाखवायचा. अनुसूचित जाती-जमातींना 1950 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. (13 ऑक्टोबर हा बाबासाहेबांनी 1935 मध्ये येवल्यात केलेल्या धर्मांतराच्या घोषणेचाही दिवस, सरकारी तारखा ठरवणाऱ्याच्या हे ध्यानीमनीही नसेल.) आज इंजिनिअरिंगला प्रवेश घेणाऱ्या मुलासाठी याचा अर्थ वडिलांचा दाखला पुरत नाही, आजोबांचा किंवा पणजोबांचा शोधावा लागतो.

आता आपल्या जिल्ह्यातल्या सुरगाणा या आदिवासी तालुक्याचा विचार करा. 1948 पर्यंत ते संस्थान होते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या कितीतरी पाड्यांवर शाळा पोहोचली तीच मुळी 1950 नंतर. जो कोकणा, वारली किंवा कातकरी आजोबा शाळेच्या दारात कधी उभाच राहिला नाही, त्याच्या शाळेचा उतारा नातवाने कुठून आणायचा? म्हणजे शिकता आले नाही म्हणून ज्याला सवलत द्यायची, त्याच्याकडे आजोबा शिकल्याचा पुरावा मागायचा. गावच्या कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद हा दुसरा मार्ग असतो. पण तीही गावात पाटील-कोतवालापर्यंत खबर गेली तरच होत असे.

आणि नोंद सापडली तरी ती कशी असते, हे ज्याने शाळेची जुनी जनरल रजिस्टरे उघडली आहेत त्यालाच ठाऊक. अर्ध्या वर्गाची जन्मतारीख 1 जून. जातीच्या रकान्यात कुठे नुसते ‘हिंदू’, कुठे ‘हिंदू कोळी’, कुठे ठाकूरचा ‘ठाकर’. गुरुजींना घाई असली की पहिल्या मुलापुढे जात लिहून खाली पानभर ‘वरीलप्रमाणे’च्या दोन रेघा. त्या रेघांनी कुणाची जात कुणाला चिकटवली याचा हिशेब तेव्हा कुणी ठेवला नाही. तेव्हा त्या रकान्याला महत्त्वच नव्हते. आज पूर्ण कुटुंबाचे भवितव्य त्या दोन रेघांवर अडते.

माझ्या जुन्या ओळखीच्या एका पालकाच्या मुलाला गेल्या काही वर्षांत हेच भोगावे लागले. कुटुंब वडारांचे, म्हणजे विमुक्त जातीतले. आजोबा धरणाच्या, रस्त्याच्या कामावर दगड फोडत फिरले, पाल पडेल ते गाव. वडील ज्या शाळेत थोडेफार शिकले तिथे जातीचा रकाना कोरा निघाला. 1961 च्या आधीचे काहीच नाही. मुलाचे गुण चांगले होते, यादीत नाव लागले, समितीचे वैधता प्रमाणपत्र सादर करण्याची मुदत संपली आणि जागा गेली. कुणी लाच मागितली नाही, कुणी उद्धटपणे बोलले नाही. टेबलापलीकडच्या बाईंनाही वाईट वाटले असावे. कागद नव्हता, एवढेच.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे बोगस दाखले. ते खरेच आहे, आणि त्याची सर्वात मोठी झळ आदिवासींनाच बसली आहे. माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये पडताळणीची पद्धत आखून दिली ती याच कारणाने. महादेव कोळी या अनुसूचित जमातीचे असल्याचा दावा तिथे खोटा ठरला होता. जुलै 2017 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही. पुढे काय झाले? डिसेंबर 2019 मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला आणि दावा अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना अकरा महिन्यांसाठी अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांखेरीज जादा निर्माण केलेल्या, पदांवर घेतले. त्याला नंतर मुदतवाढही मिळाली. म्हणजे ज्याचा दावा टिकला नाही त्याच्यासाठी खुर्ची निर्माण झाली आणि ज्याचा खरा आहे तो वंशावळीला तिकीट लावत बसला. या पडताळणीला मी चाळणी म्हणू शकत नाही. खडे वर राहायला हवेत, इथे दाणे अडकतात.

मार्च 2023 मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. बोली, देव, लग्नाच्या चालीरीती विचारून घेतली जाणारी अॅफिनिटी टेस्ट ही अंतिम कसोटी नव्हे. संविधानापूर्वीच्या कागदांना सर्वाधिक वजन द्यावे. शहरात वाढलेल्या ठाकूर मुलीला आजीच्या लग्नातली गाणी येत नाहीत म्हणून तिला नाकारू नये, हे योग्यच झाले. पण त्यामुळे कागदाचे वजन आणखी वाढले, आणि ज्याच्याकडे कागद नाही तो आहे तिथेच राहिला.

हे सगळे अटळ आहे असे मी मानत नाही, कारण सरकारने मनावर घेतले तर काय होते ते आपण पाहिले आहे. सप्टेंबर 2023 मध्ये मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी (त्यांवर ओबीसी दाखला मिळतो) शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. महसूल, शिक्षण, पोलीस, कारागृह, जन्म-मृत्यू अशी दप्तरेच्या दप्तरे उपसली गेली, मोडी वाचणारे शोधून आणले गेले, लाखांनी नोंदी मिळाल्या. मराठा समाजातल्या अल्पभूधारकाच्या मुलाला त्याचा उपयोग झाला असेल तर मला त्याचे वाईट वाटत नाही. माझा प्रश्न एवढाच की सरकार स्वतः दप्तर उघडून नोंद शोधू शकते हे एकदा सिद्ध झाल्यावर, कातकऱ्याला आणि वैदूला ‘पुरावा तुम्ही आणा’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? ज्या समाजामागे लाखोंचा मोर्चा उभा राहतो त्याच्यासाठी सरकार कपाट उघडते, ज्याच्यामागे पालावरची चार माणसे आहेत त्याला चावी आणायला सांगते.

विमुक्तांच्या बाबतीत तर ही थट्टाच आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांची हजेरी पोलीस घेत होते, कुणी कुठे गेला याची नोंद ठेवत होते. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. इतकी वर्षे ज्यांची नावे जातीसकट सरकारनेच लिहून ठेवली, त्यांच्या नातवंडांकडे 1961 च्या आधीचा पुरावा नाही म्हणून अर्ज परत येतो. ती पोलिसी दप्तरे एकदा या मुलांच्या कामाला आणून पाहा.

याच्या तुलनेत आर्थिक दुर्बल घटकाच्या दहा टक्क्यांसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, पडताळणी समिती लागत नाही. त्या मुलांना त्रास व्हावा असे मुळीच नाही. पण आरक्षणाने सर्व काही फुकट मिळते असे लिहिणाऱ्यांनी दोन्ही रांगांत एकेकदा उभे राहून पाहावे. राज्यात आरक्षणाची बेरीज आधीचे 52, आर्थिक दुर्बलांचे 10 आणि मराठा समाजाचे 10 अशी 72 टक्क्यांवर गेली म्हणून आपण घसा बसेपर्यंत भांडतो. त्या टक्क्यांच्या आत शिरताना कोण बाहेर राहतो, यावर चर्चा नाही.

आदिवासी विकास आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. कुणबी नोंदींसाठी वापरलेली पद्धत आणि तेव्हा तयार झालेली माणसे वापरून जिल्ह्यातल्या सर्व शाळांची 1967 पूर्वीची रजिस्टरे आणि कोतवाल बुके स्कॅन करून सर्वांना शोधता येतील अशी ठेवावीत. वडिलांची वैधता असेल तर मुलाला पुन्हा पहिल्यापासून फिरवू नये. आणि ज्या कुटुंबाचा कागदच नाही तिथे समितीच्या दक्षता पथकाने स्वतः पालावर, पाड्यावर जाऊन चौकशी करावी, त्याचा खर्च आणि वेळ मुलाच्या माथी मारू नये.

घाई यासाठी की कमी पटाच्या शाळा बंद होऊन दुसरीकडे जोडल्या जात आहेत आणि त्यांची दप्तरे ज्या शाळेत जागा असेल तिथल्या कोपऱ्यात जातात. मी पाहिलेल्या एका रजिस्टरची पहिली चाळीसेक पाने वाळवीने खाल्लेली होती. ती 1940 च्या दशकातली होती.

आपला,
एक निवृत्त शालेय लिपिक
पंचवटी, नाशिक