गाडी चालवणं हाच तिचा मेंटेनन्स

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या गाड्या जपणाऱ्यांवरचा लेख वाचला. फोटो एकदम मस्त आलेत, पण खरा शौकीन आपली गाडी वर्षातून एकदा रॅलीलाच काढतो आणि बाकी वर्षभर कव्हरखाली जपतो असं जे त्यात लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा पण कृपया छापा, कारण हा वाद आमच्या जुन्या गाडीवाल्या मंडळींत गेली दहा वर्षं चाललाय आणि त्यात चांगल्या चांगल्या गाड्या उभ्या जागी मरतायत.

माझ्याकडे १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. म्हणजे पद्मिनी हे नाव पडायच्या आधीची, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. वडिलांनी सेकंडहँड घेतलेली, मी त्याच गाडीवर शिकलो आणि माझी मुलगीही त्यावरच स्टिअरिंगचा गिअर टाकायला शिकली. १०८९ सीसीचं इंजिन, चारी चाकांना ड्रम ब्रेक, त्यामुळं पन्नासच्या वर मी पळवत नाही आणि मागचा ट्रकवाला हॉर्न मारत बसला तर बसू दे म्हणतो. दर रविवारी सकाळी साडेसहाला कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून निघायचं, शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडायची, केर्लीवरून वाघबीळचा घाट चढून पन्हाळ्याला जायचं आणि चहा घेऊन परत यायचं, जाऊन येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पावसाळ्यातसुद्धा, रस्ता बंद नसेल तर. ह्याला आमच्यातले काही लोक गाडीचे हाल करणं म्हणतात.

आता त्यांच्यातल्याच एकांची गोष्ट सांगतो, नाव लिहीत नाही, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. नागाळा पार्कात घर, घराखाली गॅरेज आणि त्यात १९७२ ची अँबॅसिडर मार्क टू, रंग कंपनीचा, मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. अशी गाडी मी दुसरी बघितली नाही. काका दर शनिवारी मऊ कापडानं पुसायचे, कव्हर दोन, एक सुती आणि वरून एक जाड. चालवायचे मात्र नाहीत, रंगाला काही झालं तर तो रंग परत मिळणार नाही म्हणायचे, आणि ते खरंच आहे, कंपनीचा रंग गाडीला एकदाच लागतो.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हायवे कितीतरी दिवस बंद. रात्री दहाच्या सुमाराला काकांचा फोन आला की पाणी गल्लीच्या तोंडाशी आलंय, गाडी वर काढायचीय, येतोस का. मी आणि शेजारचे दोघं फियाट घेऊन गेलो. बॅटरी मेलेली, ती आम्ही धरूनच चाललो होतो म्हणून जम्प वायर नेली होती. वायर लावली, स्टार्टर फिरला, इंजिन काही उठेना कारण कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचं नुसतं चिकट लाखेसारखं झालेलं. मग म्हणलं ढकलू. न्यूट्रल टाकला, चौघांनी खांदा लावला, आणि मागची चाकं फिरेचनात! दोन वर्षांपूर्वी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवला होता, दोन पावसाळ्यांत ब्रेक शू ड्रमला गंजून एकजीव झालेले. टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, ठोकून बघितलं, जॅक लावून बघितलं, तोवर पाणी घोट्यापर्यंत आलं आणि लाईट गेली. काका शेवटी म्हणाले अरे राहू दे आता, तू काकूला घेऊन वर जा. त्या रात्री काकू, दोन बॅगा, देव आणि शेजारच्या आजी माझ्या फियाटमधून राजारामपुरीला आल्या. अँबॅसिडर दोन कव्हर घालून तिथंच राहिली, पाणी ओसरल्यावर बघितलं तर स्टिअरिंगच्या वरपर्यंत चिखलाची रेघ होती. काका दारात उभे राहून काही बोलले नाहीत, नुसतं कव्हर पिळत होते.

तर संपादक साहेब, जपली म्हणजे काय झालं? हे मी काकांना दुखवायला लिहीत नाही, त्यांना विचारून लिहितोय.

उभ्या गाडीत आत काय होतं हे लोकांना बाहेरून दिसत नाही म्हणून सगळा घोळ होतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी चाकातल्या ब्रेकच्या व्हील सिलेंडरमध्ये बसून आतून गंज धरतं. वर्कशॉपांच्या उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी एका उभ्या गाडीचा सिलेंडर माझ्यासमोर खोलला होता, रबर कपच्या मागं ऑइलच्या जागी चहाच्या गाळासारखा तपकिरी चोथा, आणि पिस्टन व्हाइसमध्ये धरून लाकडी ठोकळ्यानं हाणला तेव्हा कुठं सुटला. बाहेरून तीच गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसत होती. क्लच प्लेट दमट हवेत फ्लायव्हीलला चिकटते, रबरी सील सुकून तडकतात, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर वायरिंग खातात. आणि काहीजण दर रविवारी जागेवरच पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करतात आणि समाधान मानतात, त्यानं तर जास्त नुकसान होतं, कारण इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जळून जे पाणी होतं त्याची वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्येच थंड होऊन राहते, सायलेन्सर आतून कुजतो, आणि ब्रेक, गिअर, चाकांची बेअरिंगं ह्यातलं तर काहीच हललेलं नसतं. गाडी तापायला वीसेक किलोमीटर तरी पाहिजे, आणि चढ असेल तर अजून चांगलं.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. आपल्या जिल्ह्यात ऊस, कारखाने, इथेनॉल इथंच बनतं, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जुन्या गाडीचे रबर पाइप आणि इंजिनाच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, ह्या पेट्रोलसाठी बनलेला नाही, तो मऊ पडतो, आणि इथेनॉल पाणी ओढतं, टाकीत महिनोन्महिने तसंच राहिलं तर पाणी खाली बसून टाकी तळातून गंजते. मी सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बदलून घेतले, खर्च फार नाही, आणि टाकीतलं पेट्रोल कधी तीन आठवड्यांपेक्षा जुनं होऊ देत नाही. चालणाऱ्या गाडीला हे जमतं. उभ्या गाडीचं काय करणार?

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला कळत नाही असं कुणी समजू नये. २०१६ ला महाद्वार रोडला एका मोपेडवाल्यानं माझ्या मागच्या दाराला घासलं, तो रंग जुळवता जुळवता तीनदा मारला तरी उन्हात ते दार अजून वेगळं दिसतं, आणि दरवेळी दार उघडताना माझं लक्ष तिथंच जातं. पुढची काच फुटली तर ती मिळेपर्यंत गाडी उभी, हब कॅप हरवली तर जुन्या बाजारात सहा महिने शोधा. आणि काही गाड्या खरोखर अशा असतात की तशी दुसरी उरलेलीच नाही, त्या म्युझियममध्येच पाहिजेत, त्याला माझी ना नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचंच बघा, शेवटची २००३ ला रजिस्टर झाली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, तेव्हा एक तरी टॅक्सी म्युझियममध्ये ठेवा अशी मागणी झाली, ती योग्यच होती. पण त्याच टॅक्सी वीस-वीस वर्षं, दिवसपाळी-रातपाळी करून, मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत धावल्या ना? चालवल्यानं गाडी मरत असती तर त्या दुसऱ्या वर्षीच भंगारात गेल्या असत्या.

आणि गाडीची किंमत जास्त म्हणून चालवायची नाही हे तर कोल्हापूरकरांनी बोलूच नये. दरवर्षी दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक ही जुनी जर्मन मोटार येते, लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलीय आणि आजही बघायला जातो. अख्ख्या देशात तशी गाडी शोधून सापडायची नाही, तरी ती इंजिनावर चालत येते, गर्दीतून, आणि लोक तिच्याकडं बघून हात जोडतात. ती काचेच्या पेटीत असती तर आमच्या पोरांना तिचा आवाज कसा माहीत झाला असता? तिकडं इंग्लंडमध्ये लंडन ते ब्रायटन १९०५ च्या आधी बनलेल्या गाड्या दर नोव्हेंबरात थंडीपावसात चालवतात, नव्वद किलोमीटरच्या वर अंतर, १८९६ च्या पहिल्या फेरीची आठवण म्हणून १९२७ पासून चालू आहे. जुन्या गाड्यांची फिवा म्हणून जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्या ट्यूरिन चार्टर नावाच्या सनदेतही हेच मानलंय की गाडी वापरत राहिली तरच ती चालवायची आणि दुरुस्त करायची विद्या पुढच्या पिढीकडं जाते.

ही विद्येची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. आमचे मिस्त्री सत्तरीच्या पुढचे आहेत. बॉनेट उघडायच्या आधी नुसता आवाज ऐकून सांगतात पॉइंट जळलेत का टॅपेट ढिले झालेत. किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचं, बुश मिळालं नाही तर शेजारच्या लेथवाल्याकडं जुनं बुश देतात, तासाभरात गनमेटलचं नवीन हातात, उद्यमनगर असल्याचं हे सुख. त्यांच्याकडं आता एकच पोरगा शिकतोय आणि त्याला शिकवायला गाड्या येत नाहीत, कारण सगळ्या कव्हरखाली आहेत. वर्षातून एकदा रॅलीच्या आधी आठ दिवस सगळ्यांना एकदम मिस्त्री आठवतात, उरलेलं वर्ष तो माणूस पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. तो पोरगा उद्या कंटाळून शोरूमला लागला तर आपण काय करणार आहोत?

आता कायद्याचं. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आधीची रजिस्टर असेल तर जुना नंबर राहतो, नवीन नोंदणी असेल तर व्हीए अक्षरांचा नंबर आणि २० हजार फी, मुदत दहा वर्षं. चांगली गोष्ट आहे, जुन्या गाडीला सरकारनं पहिल्यांदा वारसा म्हणून ओळखलं. पण त्यातच अट आहे की गाडी रोजच्या नियमित वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही, प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि मेंटेनन्स एवढ्यासाठीच. त्यामुळं आमच्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांचे मालक घाबरून बसलेत, व्हिंटेज केली तर रविवारी काढायची का नाही, चौकात पोलिसानं अडवलं तर काय सांगायचं. मी अजून साधं रजिस्ट्रेशनच पाच-पाच वर्षांनी रिन्यू करून घेतो ते ह्याच भीतीपोटी, फी वाढली तरी.

माझी परिवहन खात्याला आपल्या पेपरमार्फत एवढीच विनंती आहे की मेंटेनन्स ह्या शब्दात आठवड्याची एक फेरी धरतात का ते स्पष्ट लिहून द्या. मिस्त्रीला विचारा, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मास्तरांना विचारा, कुणीही सांगेल की ह्या गाड्यांना चाळीस किलोमीटरची फेरी ही ऑइल-ग्रीस इतकीच गरजेची आहे. ऑफिसला रोज न्यायची परवानगी आम्ही मागत नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी ट्रॅफिकच्या आधी, इन्शुरन्स आणि पीयूसीसकट. एवढं एक परिपत्रक निघालं तरी कितीतरी कव्हरं निघतील.

मागच्याच महिन्यात वाघबीळच्या चढावर इंजिन जरा तापलं म्हणून बाजूला घेऊन बॉनेट उघडून थांबलो होतो, तर वैरणीचा भारा घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. भारा खाली ठेवला, मडगार्डवर हात ठेवला आणि म्हणाले, आमच्या गावच्या डॉक्टरांची अशीच होती बघा, माझ्या थोरल्याच्या वेळी रातचं त्याच्या आईला दवाखान्यात हिनंच नेलं. बराच वेळ हात काढला नाही त्यांनी. जाताना म्हणाले चालू करा की, आवाज ऐकतो. केली चालू.

काकांच्या अँबॅसिडरचं विचाराल तर सोळा महिने काम चाललं, इंजिन पूर्ण खोललं, सीट नवीन, दारांचे पत्रे खालून कापून नवीन लावले, रंग अर्थातच सगळा नवीन. काका अजूनही माझ्याशी भांडतात, पन्हाळा फार लांब म्हणतात. पण आता हँडब्रेक ओढून ठेवत नाहीत, चाकाला लाकडाची उटी लावतात, आणि रविवारी मी परत आलो की किल्ली माझ्या हातात देऊन शेजारी बसतात, मग आम्ही रंकाळ्याला एक चक्कर मारतो. पुलाच्या पलीकडं मात्र अजून नेऊ देत नाहीत.

कळावे,
आपला,
एक फियाटवाला वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर