पानं झाडून टाकायच्या आधी

मा. संपादक, स. न.

ऑक्टोबर आला की आपल्या पेपरात (आपल्याच असं नाही, सगळ्यांच्याच) काश्मीरच्या लाल झालेल्या चिनारांचे फोटो येतात, मागोमाग अमेरिकेतल्या भाचे-पुतण्यांचे मेपलखालचे सेल्फी फॅमिली ग्रुपवर येतात आणि आपण इथे ऑक्टोबर हीटमध्ये घाम पुसत अंगठे दाखवत बसतो. सुंदर असतंच ते, वाद नाही. पण आपली पानगळ येते माघ-फाल्गुनात, म्हणजे आत्ता, आणि तिचा एक साधा फोटो कुठे छापून आलेला दिसत नाही, म्हणून हे पत्र.

पुण्यात सध्या जरा मान वर करून चाला. काटेसावर पानं टाकून लाल फुलांवर उभी आहे, वावळ पार खराटा झालाय, कडुनिंबाखाली पिवळा सडा पडतोय, पिंपळ आता सुरू होईल आणि होळीच्या आसपास त्याला ती तांबूस गुलाबी चमकणारी पालवी फुटेल. आणि लाल रंगच हवा असेल तर देशी बदाम बघा ना! बहुतेक सोसायट्यांत, शाळांच्या मैदानात असतो एखादा. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, केशरी, किरमिजी सगळं एकदम. खाली पडलेलं एक पान उचलून उन्हात धरा, मधली शीर पिवळीच राहिलेली असते, दोन्ही बाजूंनी लाल पसरत गेलेला असतो आणि कडेला कुठेतरी एक हिरवा डाग चुकून राहिलेला असतो. दोन पानं कधी सारखी नसतात.

थंड देशात दिवस लहान झाले, गारठा आला की झाडं पानं टाकतात. आपल्याकडे मुख्य भानगड पाण्याची. पाऊस जाऊन चार महिने झालेले, जमिनीतली ओल कमी होत चाललेली आणि पानांतून तर पाणी उडून जातंच, मग झाड पानंच टाकून मोकळं होतं, पण टाकायच्या आधी त्यातलं जे कामाचं ते परत आत ओढून घेतं. हिरवं द्रव्य मोडलं की मुळातच असलेला पिवळा उघडा पडतो. लाल मात्र झाड त्या वेळी नव्याने बनवतं, जायच्या वेळी एवढा खटाटोप कशासाठी यावर शास्त्रज्ञांचंही अजून एकमत नाहीये.

आता कलेचं. पिंपळाचं पान वहीत ठेवून जाळी होण्याची वाट बघणं हे बहुतेकांनी लहानपणी केलंय, पण वहीत ते नुसतं वाळतं, जाळी करायची तर पान पाण्यात कुजवावं लागतं. दोन-तीन आठवडे भिजत ठेवायचं, पाणी अधूनमधून बदलायचं (वास येतो, गॅलरीत ठेवा, घरचे ओरडतील), गर सुटायला लागला की जुन्या टूथब्रशने अगदी हलक्या हाताने, शिरांच्या दिशेने काढायचा आणि मग रद्दीत दाबून वाळवायचं. त्यावर रंगवलेले गणपती विकायला येतात ते याच जाळीवर. एवढा धीर नसेल तर पानावर कागद ठेवून खडू आडवा घासा, सगळ्या शिरा उमटतात, तीन वर्षांचं पोरही करतं. पिंपळपानाला लांब टोक असतं त्याचा शेपटीसकट उंदीर होतो, बदामाच्या पानांचे हत्तीचे कान, गुलमोहराच्या बारीक पानांची मोराची पिसं. फक्त बदामाचं पान आणल्या आणल्या रद्दीत घालून वर जड काहीतरी ठेवा आणि कागद रोज बदला, नाहीतर दोन दिवसांत तपकिरी होऊन वळतं.

आणि हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही. कोकणातली पोरं फणसाच्या पानांचे बैल करतात, माडाच्या पातीची पिपाणी आणि घड्याळं करतात. पळसाची पानं काडीने टाचून केलेली पत्रावळ, ती पण कलाच की. दसऱ्याला आपण पानांना सोनं म्हणतो खरं, पण त्यासाठी आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणतो, आणि माघात झाड स्वतःहून एवढं खाली टाकतं त्याला कचरा म्हणतो. ऑनलाइन बघा गंमत, याच बदामाची वाळलेली पानं फिश टँकवाल्यांसाठी पाकिटात घालून पैसे लावून विकतात!

राग येतो तो सकाळच्या धुराचा. आमच्या भागात एका सोसायटीत रोज पानांचा ढीग करून काडी लावतात, विचारलं तर म्हणतात साप निघतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, ५,००० रुपये दंड सांगितला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००, पण विचारतो कोण. पानं खड्ड्यात किंवा जाळीच्या पिंपात भरून ओली ठेवली तर काही महिन्यांत खत होतं, पुण्यात कितीतरी लोक गच्चीवरच्या बागेसाठी गोणीने पानं मागून नेतात.

तर विनंती एवढीच, की पुढचे तीन-चार रविवार मुलांच्या पानावर थोडी जागा पानगळीला द्या, मुलांनी पानांपासून केलेली चित्रं मागवा, चिक्कार येतील. आणि महापालिकेच्या उद्यान विभागापर्यंत हे पोचणार असेल तर प्रत्येक बागेत एक कोपरा महिनाभर न झाडता ठेवा म्हणावं, पोरांना त्यात लोळू दे. बदामाचे फोटो माझ्याकडे भरपूर आहेत, ईमेल कळवलात तर लगेच पाठवतो, फक्त छापणार असाल तर रंगीत छापा, काळ्या-पांढऱ्यात त्याची वाट लागेल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे