सिस्टर, त्या दोन मिली दुधाबद्दल

सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण एनआयसीयूतलं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातलं, खिडकीजवळचं बाळ, २९ आठवड्यांतच जन्मलेलं, ११२० ग्रॅम, एवढं म्हटलं तरी तुम्ही ओळखाल.

पहिले दोन दिवस मला दूधच आलं नाही. तिसऱ्या दिवशी अर्धा तास पंप लावून वाटीच्या तळाला पिवळट, चिकट ओल जमली. मी ती वाटी धुवायला निघाले होते. तुम्ही हातातून घेतलीत. "अहो, टाकताय काय! चीक आहे हा. आज त्याला एवढाच पुरतो." आणि सिरिंजने शेवटच्या थेंबापर्यंत ओढून घेतलात.

तोवर त्याला दूधपेढीतलं दूध चालू होतं, दर दोन तासांनी दोन मिली. कुणा अनोळखी आईने काढून दिलेलं, ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक केलेलं. आशियातली पहिली दूधपेढी आपल्याच मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, हे मला तुमच्याकडूनच कळलं. त्या अनोळखी ताईचेही आभार मला मानायचेत, पण तिच्यापर्यंत पोचायचं कसं?

मला वाटायचं, बाळ जगतंय ते मशीनवर. दूध आपलं पोटापुरतं. एका रात्रपाळीला नळीतून दूध सोडता सोडता तुम्ही समजावलंत. शेवटच्या तीन महिन्यांत पोटातल्या बाळाचा मेंदू झपाट्याने वाढतो, गुळगुळीत असतो त्याला वळ्या पडतात. नेमक्या त्याच दिवसांत आईकडून नाळेवाटे प्रथिनं, लोह, डीएचए नावाचा स्निग्ध पदार्थ बाळाला मिळत असतो. "तुमच्या बाळाची शिदोरी अर्धीच बांधून झालीय. उरलेली आता आपण या नळीतून भरायची." त्यानंतर पंपाचा आवाज मला कधी नकोसा झाला नाही. पहाटे तीनचा गजरसुद्धा.

थंड बाटलीत वर साय धरायची. तुम्ही बाटली जोरात हलवू द्यायचा नाहीत, तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवायचात. साय काचेला चिकटून राहिली तर बाळाच्या वाट्याचा स्निग्धांश गेला, म्हणायचात. घरी आल्यावरही किती महिने मी बाटली तशीच फिरवत होते.

दुधात फोर्टिफायरची, म्हणजे पोषण वाढवणाऱ्या पावडरची, पुडी मिसळायला लागलात तेव्हा मी रडले होते. माझं दूध कमी कसाचं आहे का, असं विचारलं. "दुधात काही कमी नाही. बाळ लवकर आलंय, त्याला प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस जास्त लागतं, एवढंच." हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलंय ते तुम्हाला ठाऊक नाही. आणि सासूबाईंनी गुटीचा विषय काढला तेव्हा तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, पाणी दिलंत, मग म्हणालात, "आजी, याची आतडी अजून फार नाजूक आहेत. सध्या फक्त आईचं दूध आणि आम्ही देतो तेवढंच." त्यांनी पुन्हा आग्रह धरला नाही. मी सांगितलं असतं तर घरात आठ दिवस अबोला झाला असता.

मला डिस्चार्ज मिळाल्यावर भांडुपहून रोज लोकलने यायचे, बर्फाच्या डब्यात बाटल्या, प्रत्येकीवर तारीख आणि वेळ. डबा बघून बायका न विचारता बसायला जागा द्यायच्या. सोमवारी तुम्ही टेपने डोक्याचा घेर मोजायचात. वजन वाढलं की सगळे खूश व्हायचे. तुम्ही मात्र घेर बघून हसायचात. पहिल्या सोमवारी साडेसव्वीस सेंटिमीटर होता. माझ्या डायरीत अजून आहे.

लोहाचे थेंब वर्षभर न चुकता दिले. आता तो दीड वर्षाचा आहे, भिंत धरून चालतो, कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराकडे बोट दाखवतो.

पुढच्या मंगळवारी फॉलोअप आहे. तुमची सकाळची पाळी असेल तर त्याला घेऊन वर येते. आत येऊ देणार नाहीत, माहीत आहे. दाराच्या काचेपाशी उभी राहीन.

तुमची,
खिडकीजवळच्या बाळाची आई