एसटीचा मोफत प्रवास: वयाचा पुरावा तपासून घ्या

सर्व ज्येष्ठ सभासदांना नमस्कार.

वयाची 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना 26 ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. पूर्ण झालेली, पंचाहत्तरावे चालू असलेली नव्हेत. 65 ते 75 वयोगटाला अर्धे तिकीट. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. शहर बससेवांचे नियम वेगळे.

सगळे अडते ते जन्मतारखेपाशी. काहींच्या आधार कार्डावर नुसते जन्मसाल असते, मग वाहकाने वय ठरवायचे तरी कसे? आपले कार्ड आजच काढून बघा. पूर्ण तारीख नसेल तर दुरुस्ती करून घ्या, तोवर तारीख असलेले दुसरे सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा.

आणि हो, शून्य रकमेचे तिकीट मागून घ्याच. हा तुमचा हक्क आहे, संकोच नको.

– सचिव