पडदा काळा, दिवा पिवळा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, गेल्या आठवड्यात संगणक ‘गेला’ म्हणून तुम्ही माणूस बोलावलात, आणि त्याने मागे हात घालून एक वायर एका जागेतून काढून दुसरीत खोचण्याचे ७०० रुपये घेतले, हे आईकडून कळले. पैसे गेले त्यापेक्षा, आपण काय केले हे त्याने तुम्हाला सांगितले नाही, याचा मला अधिक राग आला. म्हणून हे पत्र.

दसऱ्याच्या साफसफाईत वायरी निघाल्या आणि परत लावताना मॉनिटरची केबल भलत्या ठिकाणी गेली, एवढेच घडले असणार. ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो (खरे तर सीपीयू ही आतली चिप आहे), त्या खोक्याच्या मागे वर एक उभी पट्टी आहे. तिच्यात माउस, कीबोर्ड, इंटरनेट यांच्या जागा आहेत, आणि मॉनिटरच्या केबलची, म्हणजे एचडीएमआयचीही एक आहे. तिच्याखाली आडव्या पट्टीत अगदी तशाच एचडीएमआयच्या आणखी जागा आहेत. मी दोन वर्षांपूर्वी बसवलेले ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) ते हेच. मॉनिटरची केबल या आडव्या पट्टीतच लावायची. वरची जागा दिसायला जुळी असली, तरी कार्ड असलेल्या संगणकात ती बहुधा बंद असते, त्यामुळे आत सारे सुरळीत चालू असूनही पडदा काळाच राहतो.

हे ओळखायचे कसे, तर दिव्यांवरून. खोक्याच्या पुढच्या बटणाजवळचा दिवा लागलेला आहे, पंख्याची घरघर ऐकू येते आहे, पण मॉनिटरच्या कोपऱ्यातला दिवा निळ्याचा पिवळा झाला आहे, याचा अर्थ मॉनिटरला वीज मिळते आहे, चित्र मिळत नाही. तेव्हा केबल तपासावी. खोक्यावर एकही दिवा नसेल, तर आधी भिंतीवरचे बटण आणि यूपीएस पाहावे, आणि मग मागे जाड वायरीशेजारचे छोटे बटण: त्यावर रेघ आणि शून्य कोरलेले असते. रेघेची बाजू दाबलेली म्हणजे चालू. पुसताना फडक्याने ते नकळत दाबले जाते, हे मी स्वतः दोनदा केले आहे.

पुढे लुकलुकणारा दुसरा बारीक दिवा डिस्कवर काम चालू असल्याचा आहे. बाबा, कृपया तो लुकलुकत असताना मोठे बटण दाबून धरू नका. एकदाच हलके दाबले, तर संगणक आवराआवर करून बंद होतो. सुमारे ४ सेकंद दाबून धरले, तर वीज एकदम तोडल्यासारखे होते आणि अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते.

आई, तुझ्या स्पीकरची पिन हिरव्या भोकात. गुलाबी माइकचे आहे. हे रंग कंपनीच्या लहरीवर नाहीत, मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या ‘पीसी ९९’ नियमावलीत ते ठरलेले आहेत. इंटरनेटची केबल टक् आवाज होईपर्यंत आत सारायची. तिच्या जागेवरचे दोन बारीक दिवे विझलेले असतील, तर दोष केबलमध्ये किंवा राउटरमध्ये आहे. ते लागलेले असूनही नेट नसेल, तर नेटवाल्याला फोन करावा, कारण पावसात फांदी पडून त्याची वायर तुटणे कोथरूडला नवे नाही. कोणतीही पिन जोर लावून मात्र घालू नका, विशेषतः जुन्या मॉनिटरची निळी, १५ सुयांची. एक सुई वाकली की ती आत जात नाही.

आई, आता तू एवढे कर. सगळे नीट चालू आहे तोवर, आजच, मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून ठेव, आणि मॉनिटरच्या केबलच्या जागेशेजारी तुझी एक लाल टिकली लाव. फक्त हवेच्या जाळीवर नको.

तुमची,
बंगळूरुची लेक