ग्रंथपाल मॅडम, मनापासून आभार

आदरणीय मॅडम,

पदवीचा माझा प्रकल्प पूर्ण झाला. ऋणनिर्देशात तुमचा उल्लेख केलाय, पण तुम्ही केलेली मदत त्या एका ओळीत मावणारी नाही, म्हणून हे पत्र.

‘किशोरवयीन मुलांची झोप आणि अभ्यास’ हा विषय घेऊन मी आले, तेव्हा तुम्ही आधी मलाच विचारलंत, “झोप म्हणजे काय? किती तास, किती वाजता, की कितपत शांत?” माझा विषय खऱ्या अर्थाने तिथे ठरला. मग तुम्ही कागदावर रकाने आखलेत. एका कल्पनेसाठी जेवढे शब्द सुचतील तेवढे एका रकान्यात, ते ‘ऑर’ने (यांपैकी कोणताही) जोडायचे, आणि रकाने एकमेकांना ‘अँड’ने (सगळेच हवेत). आम्ही बहुतेक विद्यार्थी गूगलच्या सवयीने अख्खा प्रश्नच टाइप करतो आणि पहिल्या पानावर जे येईल त्यावर भागवतो.

पबमेड या वैद्यकीय संशोधन-लेखांच्या ऑनलाइन सूचीतली, प्रत्येक लेखाला लावलेली ठरावीक विषयशीर्षकं तर मला ठाऊकच नव्हती. लेखकाने ‘टीनएजर’ लिहो वा ‘यूथ’, 13 ते 18 वयाच्या मुलांवरचा लेख तिथे ‘अ‍ॅडोलेसंट’ या शीर्षकाखाली सापडतो. अगदी ताज्या काही लेखांना मात्र अजून शीर्षक लागलेलं नसतं, म्हणून साध्या शब्दांनीही शोधायचं, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत.

सर्वांत उपयोगी पडली ती लेखावरून लेखाकडे जायची वाट. एक चांगला लेख मिळाला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जायचं आणि पुढे त्याचा आधार कोणी घेतला हेही पाहायचं. युजीन गारफिल्ड यांच्या 1964च्या सायन्स सायटेशन इंडेक्समागे, म्हणजे कोणत्या लेखाचा आधार कोणी घेतला याच्या सूचीमागे, हीच कल्पना होती, हे तुम्ही किती उत्साहाने सांगत होतात! माझे निम्म्याहून अधिक संदर्भ याच वाटेने आले. शोधाच्या पानावरची ‘फक्त पूर्ण मजकूर’ची खूण तुम्ही काढायला लावलीत, आणि आपल्याकडे नसलेला लेख दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून दिलात. ती खूण तशीच राहिली असती, तर तो लेख मला दिसलाही नसता.

हे सगळं पहिल्या वर्षाच्या उद्बोधन वर्गात एकदा दाखवतात. पण तेव्हा कोणाच्याच हातात प्रश्न नसतो, त्यामुळे ते टिकत नाही. तुम्ही मात्र मी अडले होते नेमकी तेव्हा शेजारी बसलात, आणि माउस माझ्याच हातात ठेवलात.

पुढच्या वर्गातल्या काही जणी प्रकल्पाचे विषय शोधताहेत. विषय पक्का करायच्या आधीच तुम्हाला भेटा, असं मी त्यांना सांगितलंय.

आपली विद्यार्थिनी